विनोबांची गीताई आणि तुमच्या हातातली प्रश्नावली

अपस्मारासाठी, म्हणजे फिट येण्याच्या आजारासाठी उपचार घेताना काही ठिकाणी डॉक्टरांना भेटण्याआधी तुमच्या हातात एक छापील प्रश्नावली दिली जाते. गेल्या चार आठवड्यांत तुम्हाला थकवा किती वेळ जाणवला, पुढची फिट कधी येईल याची धास्ती किती वाटली, लक्षात ठेवायला त्रास होतो का, गोळ्यांचा त्रास होतो का, लोकांत मिसळायला संकोच वाटतो का, असे प्रश्न तिच्यात असतात. अनेक रुग्ण ती घाईघाईने भरतात, आणि बऱ्याच वेळा रुग्णाऐवजी घरचेच कोणीतरी खुणा करून टाकते. सरकारी कागदांपैकी आणखी एक कागद, अशीच तिच्याकडे पाहण्याची पद्धत आहे.

हा कागद कशासाठी असतो, तो मराठीत आणताना इतकी खटपट का करावी लागते आणि तुमच्या उत्तराने उपचारात काय बदलू शकते, हे या लेखात समजून घेऊ. त्यासाठी आपल्याच रायगड जिल्ह्यात जन्मलेल्या एका माणसाचे आयुष्य आपल्या कामी येईल. आचार्य विनोबा भावे यांना अपस्मार नव्हता आणि ते डॉक्टरही नव्हते. पण एका भाषेतला अवघड मजकूर दुसऱ्या भाषेतल्या साध्या माणसाला खरोखर समजेल असा कसा करायचा, हे काम त्यांनी जितक्या काळजीने केले तितके फार थोड्यांनी केले आहे. चांगली प्रश्नावली तयार करणारे लोक आज नेमके तेच करतात.

गागोद्याचे घर

विनायक नरहर भावे यांचा जन्म ११ सप्टेंबर १८९५ रोजी पेण तालुक्यातल्या गागोदे या लहान गावी झाला. तेव्हा या जिल्ह्याचे नाव कुलाबा होते. आजोबा शंभुराव आणि आई रुक्मिणीबाई यांच्या सहवासात त्यांची पहिली काही वर्षे इथेच गेली. वडील नरहरपंत नोकरीनिमित्त बडोद्याला असत.

गागोद्याच्या या घरात एक अंध वृद्ध राहत. मुले त्यांना काका म्हणत. त्यांचे जेवणखाण आणि उठबस घरातल्या वडीलधाऱ्या माणसासारखीच होती. पुढे कुटुंब बडोद्याला गेले आणि एक दिवस ते वारल्याचे पत्र आले. घरात सुतक पाळले गेले नाही, तेव्हा विनोबांनी आईला कारण विचारले. हे काका रक्ताच्या नात्यातले नव्हतेच, हे त्यांना त्या दिवशी कळले. आधार नसलेला एक माणूस घराने आपला मानला होता, आणि मुलांना त्याचा परकेपणा कधी जाणवूही दिला नव्हता.

ही गोष्ट तुमच्या आजाराशी थेट जोडलेली आहे. आजार किंवा अपंगत्व असलेल्या माणसाचे आयुष्य कसे जाते, हे फक्त आजारावर ठरत नाही. घरात त्याला कोणत्या नावाने हाक मारतात, पंगतीत कुठे बसवतात, त्याच्यावर कोणते काम सोपवतात, यावरही ते ठरते. महिन्याला दोन फिट येणारी, पण घरात आणि कामात मानाने वावरणारी व्यक्ती समाधानी असू शकते. उलट दोन वर्षांत एकही फिट न आलेली व्यक्ती भीतीने घराबाहेर पडत नाही, असेही होते. डॉक्टरांनी फक्त फिट मोजल्या तर या दोघांमधला फरक कागदावर उमटतच नाही. तो उमटावा म्हणून जीवनमान मोजणाऱ्या प्रश्नावल्या निघाल्या.

आईची मागणी

रुक्मिणीबाई भाविक होत्या. गीतेवरचे प्रवचन ऐकायला त्या जात, पण संस्कृत कळत नसल्याने त्यातले बरेचसे डोक्यावरून जाई. त्यांनी मुलाकडे मराठी गीता मागितली. विनोबांनी आधी गद्य भाषांतर आणून दिले. त्यांना पद्यात हवे होते, म्हणून मग वामन पंडितांची पद्यरचना आणून दिली. ती मराठी होती, पण पंडिती मराठी होती आणि रुक्मिणीबाईंना तीही जड गेली. तेव्हा त्यांनी मुलालाच सोपी मराठी गीता करायला सांगितले.

रुक्मिणीबाईंची अडचण बारकाईने पाहा. हातातले पुस्तक मराठीत होते, तरी ते त्यांच्या भाषेत नव्हते. प्रश्नावल्यांच्या बाबतीत अगदी हेच घडते. अपस्मारासाठी जगभर सर्वांत जास्त वापरल्या जाणाऱ्या प्रश्नावल्यांपैकी एक म्हणजे क्वोली-३१. ती १९९० च्या दशकात अमेरिकेत तयार झाली. तिच्यात सात भाग आहेत: फिटची धास्ती, एकूण आयुष्याबद्दलचे मत, मनाची अवस्था, उत्साह आणि थकवा, स्मरणशक्ती व एकाग्रता, औषधांचे परिणाम आणि सामाजिक जीवन. उत्तरांवरून ० ते १०० असे गुण काढतात आणि जास्त गुण म्हणजे जास्त चांगले जीवनमान. कोरियनसह अनेक भाषांत ही प्रश्नावली नेली गेली आहे.

अशा प्रश्नावलीचे शब्दशः भाषांतर केले तर काय होते? इंग्रजीत उदास वाटण्यासाठी निळ्या रंगाचा शब्द वापरतात आणि मूळ प्रश्नात तो आहे. मराठीत तुम्हाला निळे निळे वाटते का, असे विचारले तर कोण काय उत्तर देणार? बरे, पंडिती मराठीत विषण्णता किंवा अवसाद असे शब्द घातले, तर पुस्तकी अर्थ बरोबर येतो, पण मुरूडच्या बंदरावर मासळी विकणाऱ्या बाईला तो प्रश्न वामन पंडितांच्या श्लोकासारखाच वाटेल. मन लागत नाही, कशात जीव रमत नाही, रडू येते, ही आपली रोजची भाषा आहे.

सुरतेला सोडलेली गाडी

विनोबा अभ्यासात हुशार होते, गणितात विशेष. मार्च १९१६ मध्ये इंटरच्या परीक्षेसाठी ते बडोद्याहून मुंबईला निघाले आणि वाटेत सुरतेला उतरून काशीला गेले. तिथे असताना गांधीजींच्या भाषणाविषयी वाचून त्यांनी पत्र पाठवले, आणि ७ जून १९१६ रोजी अहमदाबादच्या कोचरब आश्रमात त्यांची गांधीजींशी पहिली भेट झाली.

१९१७ मध्ये तब्येत सुधारावी आणि संस्कृत ग्रंथांचा अभ्यास व्हावा म्हणून त्यांनी आश्रमातून वर्षभराची रजा घेतली. वाईला नारायणशास्त्री मराठे यांच्याकडे त्यांनी उपनिषदे, ब्रह्मसूत्रे, गीता यांचा अभ्यास केला. हेच शास्त्री पुढे केवलानंद सरस्वती झाले. बरोबर एक वर्षाने, ठरल्या दिवशी विनोबा आश्रमात परतले.

१९१८ च्या इन्फ्लुएन्झाच्या साथीने आपल्या देशात लाखो माणसे नेली. त्यातच रुक्मिणीबाई गेल्या. त्यांनी मागितलेली मराठी गीता त्यांच्या हयातीत झाली नाही.

गीताई

१९२१ मध्ये गांधीजींच्या सांगण्यावरून विनोबा वर्ध्याला आश्रम चालवण्यासाठी गेले. तिथे ७ ऑक्टोबर १९३० रोजी त्यांनी गीतेचे मराठी समश्लोकी रूपांतर लिहायला घेतले आणि ६ फेब्रुवारी १९३१ रोजी ते पूर्ण केले. चार महिन्यांत सातशे श्लोक झाले. पण त्यामागे वाईच्या दिवसांपासूनचा, दहा-बारा वर्षांहून अधिक अभ्यास होता. आईच्या आठवणीने त्यांनी नाव दिले गीताई.

हे काम करताना त्यांच्यापुढे दोन बंधने होती. अर्थ मूळचाच राहिला पाहिजे, त्यात स्वतःचे काही घुसडायचे नाही. आणि आईसारख्या, शाळेत फारसे न गेलेल्या माणसाला तो थेट कळला पाहिजे. पहिले बंधन सैल केले तर भाषांतर सोपे होते, पण ते गीता राहत नाही. दुसरे सैल केले तर ते अचूक होते, पण वाचणारा उरत नाही.

प्रश्नावली मराठीत आणणाऱ्यांनाही हीच दोन बंधने असतात. त्यासाठी एक ठरलेली पद्धत जगभर वापरतात. आधी दोन जण एकमेकांशी न बोलता स्वतंत्रपणे भाषांतर करतात. मग दोन्ही मजकूर शेजारी ठेवून एक केला जातो. त्यानंतर मूळ प्रश्नावली कधीही न पाहिलेला तिसरा माणूस तो मराठी मजकूर पुन्हा इंग्रजीत नेतो. उलट नेलेला मजकूर मूळ मजकुराशी जुळला नाही, तर वाटेत कुठे अर्थ सांडला हे कळते. मग मेंदूविकारतज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ आणि भाषेचे जाणकार एकत्र बसून दुरुस्त्या करतात.

एक उदाहरण घ्या. मूळ प्रश्नावलीत काही प्रश्नांना सहा पर्याय आहेत, नेहमीपासून कधीच नाही पर्यंत. मधल्या पायऱ्यांवर मराठीत बहुतेक वेळ आणि बराच वेळ असे शब्द ठेवले, तर बोलताना अनेकांना ते एकच वाटतात. सहा पायऱ्यांच्या जिन्यात दोन पायऱ्या एकाच उंचीच्या झाल्या, तर माणूस कोणत्या पायरीवर उभा आहे ते सांगता येत नाही. महिन्यातले साधारण किती दिवस, असा आधार दिला की उत्तर नेमके येते.

दुसरे उदाहरण आपल्या बोलण्यातलेच आहे. फिट येणे म्हणजे झटका येणे, आणि फिट असणे म्हणजे तब्येत ठणठणीत असणे. शिवाय याच आजाराला कोणी आकडी म्हणते, कोणी फेफरे, कोणी मिरगी, कोणी नुसते चक्कर. काही वेळा क्षणभर शून्यात पाहत राहणे, हातातली वस्तू पडणे, तोंडाची चाळवाचाळव होणे हीसुद्धा फिट असते, पण घरचे तिला फिट मानतच नाहीत. प्रश्नावलीत कोणता शब्द वापरला आणि त्याचा अर्थ सुरुवातीला समजावून दिला की नाही, यावर सगळी उत्तरे अवलंबून असतात.

मुलींनी घेतलेली परीक्षा

गीताई लिहून झाल्यावर विनोबांनी ती पंडितांकडे तपासायला देऊन काम संपवले नाही. आश्रमातल्या लहान मुलींना त्यांनी ती शिकवली. मुली कुठे अडखळतात आणि कुठे अर्थ लागत नाही हे पाहिले, आणि त्याप्रमाणे शब्द बदलले. पुढच्या काळातही ते गीताईत सुधारणा करत राहिले, आणि तिच्या शब्दांचा कोशही तयार झाला. पुस्तक समजले की नाही, याचा शेवटचा निकाल वाचणाऱ्याकडेच असतो, ही त्यांची भूमिका होती.

प्रश्नावलीच्या कामातही ही पायरी सर्वांत महत्त्वाची आहे. तयार झालेला मजकूर वेगवेगळ्या वयाच्या, शिक्षणाच्या आणि गावांच्या काही रुग्णांना देतात. प्रत्येक प्रश्नानंतर त्यांना विचारतात की हा प्रश्न तुमच्या शब्दांत सांगा, तुम्ही हेच उत्तर का दिले ते सांगा. तिथे खऱ्या अडचणी कळतात.

उदाहरणार्थ, अमेरिकेतल्या मूळ प्रश्नावलीत गाडी चालवण्याबद्दल प्रश्न आहे. तिथे गाडी चालवता न येणे म्हणजे नोकरी, बाजार, शाळा सगळेच अडणे. रायगडच्या किनाऱ्यावर अनेकांनी कधी चारचाकी चालवलेलीच नसते, त्यामुळे त्यांना या प्रश्नाचे उत्तर काय द्यावे कळत नाही. पण याच माणसाला विचारा की होडीवर जाता का, नारळी-पोफळीवर चढता का, मांडव्याहून एकट्याने लाँचने मुंबईला जाता का, चुलीपुढे एकटे उभे राहता का. मग तो अर्धा तास बोलेल, कारण त्याचे स्वातंत्र्य तिथे अडले आहे.

मात्र प्रश्न मनाला येईल तसा बदलता येत नाही. प्रश्न पार वेगळा केला तर इथले गुण दुसरीकडच्या गुणांशी ताडून पाहता येत नाहीत. म्हणून बदल करताना मूळ प्रश्नाचा हेतू राखावा लागतो, मूळ कर्त्यांची परवानगी घ्यावी लागते आणि प्रत्येक बदल नोंदवावा लागतो. शेवटी प्रश्नावली जास्त रुग्णांवर तपासतात. तब्येतीत फरक नसताना काही दिवसांनी पुन्हा भरली तर उत्तरे साधारण तीच येतात का, आणि ज्यांना वारंवार फिट येतात किंवा ज्यांना नैराश्य आहे त्यांचे गुण खरोखर कमी येतात का, हे पाहतात. या कसोट्यांना उतरली तरच ती वापरण्याजोगी मानतात.

धुळ्याचा तुरुंग

१९३२ मध्ये विनोबा धुळ्याच्या तुरुंगात होते. त्याच वर्षी गीताई छापून प्रसिद्ध झाली. तुरुंगात दर रविवारी त्यांनी गीतेच्या एकेका अध्यायावर प्रवचन दिले, अशी अठरा प्रवचने झाली. ऐकणाऱ्यांत शिकलेले होते, तसे अडाणीही होते. साने गुरुजींनी ती लिहून घेतली म्हणून ती गीता प्रवचने या पुस्तकाच्या रूपाने आपल्यापर्यंत आली.

गीताई वाचायची होती, प्रवचने ऐकायची होती. तुम्हाला वाचायला जमत नसेल, नजर कमी असेल, किंवा छापील मराठीपेक्षा घरची आगरी-कोळी बोली जवळची वाटत असेल, तर प्रश्नावली कोणाकडून तरी वाचून घेण्यात काहीच कमीपणा नाही. फक्त वाचणारा शक्यतो दवाखान्यातला माणूस असावा. सासूबाई, नवरा किंवा वडील प्रश्न वाचत असतील तर गोळ्यांनी येणारी झोप, मासिक पाळीतला फरक, लग्नाबद्दलची भीती किंवा जगणे नकोसे वाटणे, यांची खरी उत्तरे तोंडातून निघत नाहीत.

दत्तपूर: आजाराचे नाव

वर्ध्याजवळ दत्तपूर येथे १९३६ मध्ये विनोबांचे सहकारी मनोहर दिवाण यांनी कुष्ठरुग्णांच्या सेवेचे काम सुरू केले. विनोबांचा त्यांना पाठिंबा होता. त्या काळात या आजाराला महारोग म्हणत आणि रुग्णाला घराबाहेर, गावाबाहेर काढत. आज आपण कुष्ठरोग म्हणतो. तो औषधाने बरा होतो. पण जुन्या शब्दाची भीती बरीच वर्षे टिकली.

अपस्माराचेही तसेच आहे. मेंदूतल्या पेशींमध्ये विजेचे संदेश अचानक, एकाच वेळी आणि अनियंत्रितपणे सुटले की फिट येते. ती बाहेरची बाधा नाही, देवीचा कोप नाही आणि ती संसर्गाने पसरत नाही. तरीही अनेक घरांत हा आजार लपवतात. दक्षिण कोरियात या आजाराच्या जुन्या नावाला इतका कलंक चिकटला होता की तिथल्या डॉक्टरांनी आणि रुग्णांनी मिळून नावच बदलले. नव्या नावाचा अर्थ साधारण मेंदूतल्या विजेचा आजार असा होतो. कोरियन प्रश्नावलीत कोणता शब्द छापायचा, हा म्हणूनच लहान मुद्दा नाही. जुना शब्द वाचूनच मान खाली गेली, तर पुढच्या प्रश्नांची उत्तरे खरी कशी येणार?

आपल्याकडे हिंदू विवाह कायद्यात पूर्वी अपस्मार हा लग्नाच्या आड येणारा मुद्दा होता. १९९९ च्या दुरुस्तीने तो शब्द काढून टाकला गेला. म्हणजे अपस्मार असलेल्या मुलीच्या किंवा मुलाच्या लग्नाला कायद्याचा अडसर नाही. पण कायदा बदलला तरी घरातली धास्ती लगेच जात नाही, आणि सामाजिक जीवनाबद्दलच्या प्रश्नांत ती धास्ती दिसते. तिथे कमी गुण आले तर डॉक्टरांना कळते की इथे गोळी वाढवून उपयोग नाही. रुग्ण आणि कुटुंब यांच्याशी बोलायला हवे, समुपदेशन हवे.

पवनार: वजनकाट्यापलीकडे

१९३८ पर्यंत विनोबांची तब्येत अगदी खालावली होती. वजन चाळीस किलोच्या आसपास आले होते. गांधीजींना काळजी वाटली. थंड हवेच्या ठिकाणी जाण्याऐवजी विनोबा वर्ध्याजवळच्या पवनारला धाम नदीकाठी राहायला गेले. आश्रमाच्या सगळ्या काळज्या त्यांनी मनातून बाजूला ठेवल्या, रोज थोडे थोडे शेतात खणायला सुरुवात केली आणि हळूहळू काम वाढवत नेले. काही महिन्यांत वजन बरेच वाढले आणि ताकद परत आली.

यातून प्रत्येक आजार मोकळ्या हवेने बरा होतो असा अर्थ काढू नका. आपल्यासाठी इथे घेण्यासारखे एवढेच की तब्येत सुधारली हे त्यांनी दोन प्रकारे पाहिले. काट्यावर वजन वाढले हा एक प्रकार आणि रोज किती काम करता येते हा दुसरा. तुमच्या उपचारातही फिटची संख्या आणि रक्ताच्या तपासण्या पहिल्या प्रकारात येतात, तर प्रश्नावली दुसऱ्या प्रकारात. डॉक्टरांना दोन्ही लागतात.

वेल्लोर आणि पुढची पायपीट

१९४० मध्ये वैयक्तिक सत्याग्रहासाठी गांधीजींनी पहिला सत्याग्रही म्हणून विनोबांची निवड केली. १९४२ च्या आंदोलनानंतर त्यांना वेल्लोर आणि शिवनी येथील तुरुंगांत ठेवले. वेल्लोरला असताना ते तमिळ, तेलुगू, कन्नड आणि मल्याळम या चारही दक्षिणी भाषा शिकले. पुढे देशभर चालताना लोकांशी त्यांच्या भाषेत नाते जोडायला हे शिक्षण उपयोगी पडले. १८ एप्रिल १९५१ रोजी तेलंगणातल्या पोचमपल्ली गावी भूदानाची सुरुवात झाली, आणि त्यानंतर विनोबा तेरा वर्षांहून अधिक काळ पायी फिरत राहिले. पोटातल्या व्रणाचा त्रास होता, आहार अगदी मोजका होता, तरी चालणे थांबले नाही.

१९५२ च्या डिसेंबरात बिहारमधल्या चांडील येथे त्यांना घातक मलेरिया झाला. सुरुवातीला त्यांनी औषध घ्यायला नकार दिला. ताप वाढत गेला आणि जिवाला धोका झाला. सहकाऱ्यांनी आणि बिहारच्या मुख्यमंत्र्यांनी कळकळीने आग्रह केला, तेव्हा त्यांनी औषध घेतले, ते बरे झाले आणि पुन्हा चालू लागले. चांडीलला औषध घेतले नसते तर पुढची दहा-अकरा वर्षांची पदयात्रा झालीच नसती.

१९५८ मध्ये त्यांना रॅमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला. शेवटची वर्षे त्यांनी पवनारच्या ब्रह्मविद्या मंदिरात काढली. नोव्हेंबर १९८२ मध्ये हृदयविकाराचा झटका आल्यावर, वयाच्या ८८ व्या वर्षात, त्यांनी अन्न, पाणी आणि औषध घेणे थांबवले, आणि १५ नोव्हेंबर १९८२ रोजी त्यांचे निधन झाले. १९८३ मध्ये त्यांना मरणोत्तर भारतरत्न देण्यात आले.

त्यांच्या शेवटच्या निर्णयाबद्दल लोकांची मते वेगवेगळी आहेत. पण तो एका वृद्ध माणसाचा आयुष्याच्या टोकावरचा निर्णय होता. अपस्माराच्या गोळ्यांशी त्याची तुलना करू नका. या गोळ्या एकदम बंद केल्या तर लागोपाठ फिट येऊन जीव धोक्यात येऊ शकतो. गोळ्यांचा त्रास होत असेल तर त्या बंद करण्याऐवजी प्रश्नावलीत तसे लिहा आणि डॉक्टरांना सांगा. गोळी बदलता येते, मात्रा कमी करता येते, वेळ बदलता येते.

तुमच्या हातात काय आहे

पुढच्या वेळी प्रश्नावली मिळाली तर एवढे करा:

- शक्य असेल तर ती एकट्याने भरा. वाचून घ्यायची असेल तर नर्स किंवा समुपदेशकाला सांगा.
- गेले चार आठवडे असे विचारले असेल तर तेवढ्याच काळाचा विचार करा. मागच्या वर्षीची मोठी फिट त्यात धरू नका.
- डॉक्टरांना बरे वाटावे म्हणून सगळीकडे छान अशी खूण करू नका. इथे पास-नापास नसते.
- एखादा प्रश्न कळला नाही तर अंदाजाने खूण करू नका. प्रश्नापुढे तसे लिहा किंवा विचारा. तुमची ही तक्रार प्रश्नावली सुधारायला उपयोगी पडते, जशी त्या मुलींची अडखळण गीताईला उपयोगी पडली.
- प्रश्न तुमच्या आयुष्याला लागू नसेल, तर तुमचे नेमके काय अडते ते बाजूला लिहा: होडीवर जाणे, झाडावर चढणे, स्वयंपाक, प्रवास, लग्न.
- मन सतत उदास असेल किंवा जगणे नकोसे वाटत असेल, तर कागदावर खूण करून थांबू नका. त्याच दिवशी डॉक्टरांना तोंडाने सांगा. अपस्मारात नैराश्य येणे ही वारंवार दिसणारी गोष्ट आहे आणि त्यावर उपचार आहेत.
- मूल होण्याचा विचार असेल तर तो आधीच सांगा. काही गोळ्या गरोदरपणात टाळाव्या लागतात, पण हा बदल डॉक्टरांच्या देखरेखीखालीच करायचा असतो.

घरच्यांसाठीही दोन गोष्टी. फिट आली तर माणसाला कुशीवर वळवा, डोक्याखाली मऊ कापड ठेवा, तोंडात चमचा, पाणी किंवा काहीही घालू नका, कांदा किंवा चप्पल हुंगवू नका. फिट पाच मिनिटांपेक्षा जास्त चालली, शुद्ध न येता दुसरी आली किंवा फिट पाण्यात आली, तर १०८ ला फोन करून रुग्णालयात न्या. दुसरी गोष्ट प्रश्नावलीबद्दल: ती रुग्णाला भरू द्या. तुम्हाला जे दिसते ते डॉक्टरांना वेगळे सांगा, तेही महत्त्वाचे असते. पण आतून कसे वाटते, याचे उत्तर त्याचेच असू द्या.

रुक्मिणीबाईंनी पुस्तक कळत नाही असे मोकळेपणाने सांगितले, म्हणून गीताई झाली आणि तिच्या लाखो प्रती घरोघरी गेल्या. दवाखान्यातला कागद कळत नसेल तर तुम्हीही तसेच सांगा.

(हा लेख सर्वसाधारण माहितीसाठी आहे. औषधांतला कोणताही बदल तुमच्या डॉक्टरांच्या सल्ल्यानेच करावा.)